पडदा म्हणतो, सिग्नल नाही



आज मी आपणांशी एका अगदी लहानशा वाक्याविषयी बोलणार आहे. वाक्य दोनच शब्दांचे आहे, आणि तेही इंग्रजी : ‘नो सिग्नल’. ज्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा घरात संगणक आहे, तिथे हे वाक्य कधी ना कधी उमटतेच. संगणकाचे बटण दाबावे, आतला पंखा फिरल्याचा आवाज यावा, मुलांनी माना पुढे कराव्यात, आणि पडद्यावर एवढीशी चौकट यावी : ‘नो सिग्नल’. दोन-चार सेकंदांत तीही नाहीशी व्हावी आणि पडदा काळाठिक्कर पडावा. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणते, “गेला संगणक.” आणि एकदा ‘गेला’ म्हटले, की त्याच्यावर फडके टाकायला कितीसा वेळ लागतो?

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. संगणक हा माझा विषय नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आज या विषयावर बोलायला बसलो आहे, त्याला एक कारण घडले.

२०२२ सालचा जून महिना. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० पासून कधी बंद, कधी अर्धवट चालू राहिलेल्या शाळा त्या महिन्यात पुन्हा नेहमीसारख्या भरू लागल्या होत्या. माणदेशातल्या एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले. गुरुजी माझ्या वडिलांचे विद्यार्थी, त्यामुळे आमचे येणे-जाणे जुने. चहा झाल्यावर म्हणाले, “सर, सवडीनं एकदा आमच्या शाळेकडं या.”

“काय काढलंत गुरुजी?”

“पाच संगणक आहेत. २०१७ साली लोकवर्गणीतून घेतलेले. दोन चालतात, तीन गेले.”

“गेले कशावरून?”

“नो सिग्नल म्हणतात.”

पुढच्या रविवारी मी गेलो. खोली नुकतीच रंगवलेली, भिंतीवर मुळाक्षरे आणि पाढे. एका लांब बाकावर पाच संगणक. दोन उघडे, तीन पांढऱ्या फडक्यांखाली. फडकी उचलून पाहतो, तो मॉनिटरच्या कपाळी हळदीकुंकवाची बोटे! शाळेतल्या बाई जरा संकोचून म्हणाल्या, “दर खंडेनवमीला पूजा करतो ना सर.” म्हणजे पूजा होत होती, पण बटण मात्र दाबले जात नव्हते.

मी विचारले, “उघडून पाहिलंत का कधी?” गुरुजी म्हणाले, “हात लावला आणि आणखी बिघडला तर? जडवस्तू नोंदवहीत माझ्या नावावर आहे तो.” आणि मग जरा थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली. गावातल्या मेंढरे राखणाऱ्या एका आजोबांनी बोकड विकून शाळेला वर्गणी दिली होती. आजोबांना लिहितावाचता येत नाही. नात सातवीत. ते अधूनमधून शाळेच्या दारात येऊन विचारत, “मास्तर, माझ्या बोकडाचा संगणक ह्यातला कंचा?” गुरुजी म्हणाले, “सर, चालू असलेल्याकडं बोट दाखवावं तर खोटं बोलल्यासारखं वाटतं, आणि फडक्याकडं दाखवायचा धीर होत नाही.”

श्रोतेहो, हे ऐकून मी मनातून ओशाळलो. कारण काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या संगणकांच्या निर्लेखनाच्या यादीवर मी स्वत: सही केली होती. चार संगणक होते आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘डिस्प्ले नाही’. मी एक केबलसुद्धा ओढून पाहिली नाही. समितीचा सदस्य म्हणून सही केली, आणि सगळा माल वजनावर भंगारात गेला. पुढे दोन महिन्यांनी त्याच भंगारवाल्याच्या दुकानावरून जाताना पाहतो, तर आमच्या महाविद्यालयाचा क्रमांक रंगवलेला मॉनिटर त्याच्या गल्ल्याशेजारी उभा, आणि त्यावर तो आपल्या अंगणातल्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत बसलेला! मॉनिटर उत्तम चालत होता. ‘गेला’ होता तो आमचा विचार करण्याचा कंटाळा.

तेव्हा पहिला प्रश्न असा : ‘नो सिग्नल’ या शब्दांचा अर्थ काय?

आपल्या गावात पोस्टमन येतो आणि दारावरून सांगून जातो, “आज पत्र नाही.” म्हणून आपण पोस्टमन आजारी आहे असे समजत नाही. उलट तो आला, बोलला, याचा अर्थ तो धडधाकट आहे. पत्र लिहिणाऱ्याने लिहिले नसेल, किंवा ते वाटेत कुठे अडकले असेल. मॉनिटरचे अगदी असेच आहे. तो स्वत: उजळून सांगतो की, ‘मी जागा आहे, पण मला कुणीच काही पाठवत नाही.’ मॉनिटर इथे साक्षीदार आहे, आणि आपण मात्र त्यालाच आरोपी ठरवतो.

संगणक आणि पडदा ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हे पक्के ध्यानात ठेवावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक कार्यान्वित झाला. त्याला चित्रनलिकेचा एक पडदा होता, पण तो पूरक साधन म्हणून. म्हणजे हिशेब करणारे यंत्र एक आणि दाखवणारे दुसरे, ही विभागणी मुळापासूनची आहे. आज आपल्या बाकाखाली जो डबा असतो, ज्याला आपण सारे ‘सीपीयू’ म्हणतो, तो चित्र तयार करतो. केबल ते वाहून नेते. मॉनिटर ते दाखवतो. काम काही थोडे नाही. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. हे चित्र सेकंदाला बहुधा ६० वेळा नव्याने पाठवले जाते. सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा हा प्रवाह थांबला, की मॉनिटर काही क्षण वाट पाहतो, ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि वीज वाचवण्यासाठी झोपी जातो. तेव्हा त्याच्या बटणाजवळचा दिवा निळा, हिरवा किंवा पांढरा असेल, तो बहुतेक मॉनिटरांत पिवळसर होतो किंवा उघडझाप करू लागतो. दिवाच नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आधी विजेची वायर पाहायची.

म्हणजे दोष शोधायला तीनच जागा उरल्या : डबा, केबल, आणि क्वचित मॉनिटरचे आतले सॉकेट. आता यांतला दोषी कोण, हे ठरवायचे कसे? इथे माझा विषय थोडासा कामी आला. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती मांडल्या. त्यांतली एक व्यतिरेक पद्धती. सोप्या शब्दांत सांगायचे, तर दोन प्रसंग घ्यावेत. त्यांत बाकी सगळे सारखे, फक्त एका गोष्टीचा फरक. एकीकडे परिणाम घडतो, दुसरीकडे घडत नाही. मग कारण त्या एका फरकातच असले पाहिजे. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहितो, मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या दिवशी शाळेत मी ते प्रथमच हातांनी केले. कारण शाळेत दोन संगणक चालू होते. ज्याच्या शेजारी चालू यंत्र आहे, त्याला अर्धे उत्तर आयतेच मिळालेले असते.

पहिला संगणक घेतला. विजेची वायर ठीक, डब्याचा पंखा फिरतो, मॉनिटरचा दिवा पिवळा. संगणक बंद करून चित्राची केबल दोन्ही टोकांकडून काढली. ही जुन्या पद्धतीची, निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची केबल. तिला व्हीजीए म्हणतात. ही जोडणी १९८७ पासून चालत आली आहे आणि आपल्या शाळांतून अजून पुष्कळ दिसते. आजोबांची ती सातवीतली नात शेजारी उभी होती. केबलचे तोंड पाहून ती ओरडली, “सर, हिचा एक दात पडलाय!” खरेच, पाच-पाच पिनांच्या तीन ओळी, आणि मधल्या ओळीत एक पिन नाही. मला वाटले, सापडला चोर! नवी केबल आणायला कुणाला पाठवावे, असे म्हणत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “चालू संगणकाची केबल बघू या का?” पाहिली, तर तिचाही नेमका तोच दात नव्हता. या केबलींत पुष्कळदा ती पिन मुळातच बसवलेली नसते, चित्राला तिची गरज नसते. दोन्ही ठिकाणी जे सारखे आहे, ते एकाच ठिकाणच्या बिघाडाचे कारण होऊ शकत नाही. मिलसाहेबांचा धडा बाईंनी मला शिकवला. पिन वाकलेली दिसली तर मात्र ती बारीक चिमट्याने, अगदी हलक्या हाताने सरळ करावी. आणि केबल बसवताना जोर करू नये. तोंड एकाच बाजूने बसते.

केबल पुन्हा नीट बसवली. तरी ‘नो सिग्नल’. मग मॉनिटरच्या कडेची बटणे पाहिली. पुष्कळ मॉनिटरांना पाठीमागे दोन-तीन प्रकारची सॉकेटे असतात आणि कोणत्या सॉकेटातून चित्र घ्यायचे, ते ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ नावाच्या बटणाने ठरते. केबल एका दारात आणि मॉनिटर वाट पाहतोय दुसऱ्या दारात, असे झाले तर दोघेही निर्दोष असून भेट होत नाही. इथे ते बरोबर होते. शेवटी डब्याच्या पाठीमागे बॅटरी धरून पाहिले. चित्राची सॉकेटे दोन! एक वर, यूएसबीच्या भोकांजवळ. दुसरे खाली, आडव्या पट्टीवर. खालचे ग्राफिक कार्डाचे. ज्या डब्यात असे वेगळे कार्ड बसवलेले असते, त्यात चित्र कार्डातून येते, आणि वरचे सॉकेट बहुधा मुके होते. काही प्रोसेसरांत तर चित्र तयार करण्याची सोयच नसते, तिथे वरचे सॉकेट कधीच बोलत नाही. खोली रंगवताना संगणक हलवले होते आणि परत जोडताना केबल वर गेली होती. ती खाली लावली, बटण दाबले. पंधरा सेकंदांत पडदा उजळला. चौदा महिने फडक्याखाली बसलेल्या यंत्राला औषध म्हणून चार बोटांचे अंतर पुरले.

दुसऱ्या संगणकाला कार्ड नव्हते, सॉकेट एकच होते. इथे एक सोपी परीक्षा सांगतो. कीबोर्डवर ‘कॅप्स लॉक’ नावाचे बटण असते. ते दाबले की त्याचा दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. पडदा काळा असताना हे करून पाहावे. दिवा लागला-विझला, तर डबा बहुधा जागा आहे आणि दोष चित्राच्या वाटेवर आहे. दिवा हलत नसेल, तर डब्याची सुरुवातच झालेली नाही. पंखा फिरतो म्हणजे संगणक चालू झाला, असे मात्र समजू नये. बैलगाडीची घुंगरे वाजली म्हणून गाडी गावाला पोहोचत नाही. काही डबे अशा वेळी शिट्टीसारखे आवाज करतात. लांब किती, आखूड किती, ते मोजून लिहून ठेवावे. त्यांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून पुष्कळ कळते. आमचा डबा मुकाच होता, आणि कॅप्स लॉकचा दिवाही लागेना.

आता डबा उघडायचा. पण त्याआधी विजेची वायर भिंतीतून पूर्ण काढायची. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर डब्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत साठलेली थोडी वीज निघून जाते. मग डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांवर उतरत नाही. झाकण काढले, तो आत माणदेशातली धूळ बोटभर! मऊ ब्रशने ती झाडली. मग रॅमची पट्टी. वीतभरही नसलेली ही हिरवी पट्टी, तिच्या एका कडेला सोनेरी दातरे असतात. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मागे सारल्या की ती वर येते. धूळ आणि दमट हवेने त्या दातऱ्यांवर पातळ थर बसतो, किंवा हलवाहलवीत पट्टी केसभर वर सरकते, आणि मग संगणक पहिल्याच पायरीवर अडतो. पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने दातरे अलगद पुसले, चुरा झटकला, पट्टीची खाच जुळवून ती दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबली.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती मुद्दाम सांगतो. पहिल्या यशाने मी जरा चेकाळलो होतो. रॅम बसवली आणि त्याच झपाट्यात केबलही दुसरी लावली. संगणक चालू झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी शांतपणे विचारले, “सर, मग दोष कशाचा होता?” आणि मी, वीस वर्षे तर्कशास्त्र शिकवणारा माणूस, गप्प! एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की यंत्र सुरू होते, पण कारण हाती लागत नाही. शेवटी जुनी केबल परत लावून पाहिली. संगणक चालूच राहिला. तेव्हा कळले की दोष रॅमचा होता, केबल निर्दोष. एरवी ती चांगली केबल आम्ही खराब म्हणून टाकून दिली असती. म्हणून, शिक्षक बंधुभगिनींनो, एका वेळी एकच बदल. आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

तिसरा संगणक मात्र चालू झाला नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की खोडरबर म्हणजे संजीवनी. त्याचा मॉनिटर चालू डब्याला लावला, चित्र आले. मॉनिटर सुटला. त्याची केबल चालू संगणकावर लावली, चित्र आले. केबल सुटली. राहिला डबा. चालू डब्यातली त्याच जातीची रॅम घालून पाहिली. जात सारखीच लागते, डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, तिची खाचच निराळी असते. तरी काही नाही. आत रुपयाएवढी तीन व्होल्टची बटण-बॅटरी असते. वायर काढलेली असतानाच तीही पाच मिनिटे काढून परत बसवली, म्हणजे संगणकाच्या सुरुवातीच्या नोंदी मूळ स्थितीत येतात. तरीही पडदा काळा. तेव्हा थांबलो. कुठे थांबायचे हे कळणे, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

एका कागदावर लिहिले : ‘मॉनिटर चांगला. केबल चांगली. रॅम बदलून पाहिली. पंखा फिरतो. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही.’ तो कागद डब्याला चिकटवून गुरुजींनी तो तालुक्याला नेला. दुरुस्ती करणाऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, “गुरुजी, माझं निम्मं काम करून आणलंत.” मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जळाला होता आणि तो बदलण्याचा खर्च त्या जुन्या यंत्राला परवडणारा नव्हता. ठीक आहे. पण आता त्याचे निर्लेखन करताना कारणाच्या रकान्यात खरे कारण लिहिता आले. मॉनिटर, केबल, कीबोर्ड आणि रॅम शाळेतच राहिले, पुढच्या वेळी तपासायला. नुसते ‘नो सिग्नल’ म्हणून तिन्ही संगणक भंगारात गेले असते. प्रत्यक्षात गेला एक डबा.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. मॉनिटर स्वत: कधीही उघडू नये. विशेषत: जुना, पाठीमागे फुगीर असलेला काचेच्या नळीचा मॉनिटर. त्यात हजारो व्होल्टांचा दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो आत टिकून राहू शकतो. तसेच डब्यात ज्या पेटीत विजेची वायर शिरते, ती एसएमपीएसची पेटी उघडू नये. ओल्या हाताने, अनवाणी, पावसात गळणाऱ्या खोलीत काम करू नये. मुलांना पाहू द्यावे, सांगू द्यावे, मोजू द्यावे. पण उघड्या डब्यात हात मोठ्या माणसाचाच असावा, आणि वायर भिंतीतून काढलेली आहे हे दोघांनी पाहिलेले असावे. आकाशात विजा चमकू लागल्या की संगणकाच्या सगळ्या वायरी भिंतीतून काढून ठेवाव्यात. विजेच्या धक्क्याने कधी कधी मॉनिटरचे एकच सॉकेट जळते आणि दुसरे शाबूत राहते. म्हणून साक्षीदारालाही एकदा चालू डब्याला जोडून तपासून घ्यावे, असे मी मघाशी सुचवले.

पुष्कळ शाळांत आता लॅपटॉप आणि प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही असतो. तिथेही हेच वाक्य उमटते. लॅपटॉपवर विंडोज असेल, तर विंडोजच्या चिन्हाचे बटण आणि इंग्रजी ‘पी’ ही दोन एकदम दाबावीत. पडद्याच्या कडेला पर्याय येतात. त्यांतला ‘डुप्लिकेट’ निवडला की दोन्हीकडे एकच चित्र दिसते. दुसरी गोष्ट कन्व्हर्टरची. लॅपटॉपला चपट्या तोंडाचे एचडीएमआय सॉकेट असते, आणि जुन्या प्रोजेक्टरला निळे व्हीजीए. या दोहोंची भाषा निराळी : एकाची अंकांची, दुसऱ्याची विजेच्या चढउताराची. म्हणून मध्ये दुभाष्या लागतो, नुसती वायर चालत नाही. आणि हा दुभाष्या एकाच दिशेने बोलतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा उलटा लावला तर ‘नो सिग्नल’च दिसणार. विकत घेताना दुकानदाराला ‘कुठून कुठे’ हे स्पष्ट सांगावे. आणि पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ असे आले, तर घाबरू नये. त्याचा अर्थ पत्र आले आहे, पण अक्षर वाचता येत नाही. संगणकाने त्या पडद्याला न झेपणारे चित्र पाठवले आहे. चित्राचे माप कमी केले की ते दिसते.

श्रोत्यांपैकी कुणाजवळ वही-पेन्सिल असेल, तर क्रम पुन्हा सांगतो, टिपून घ्या. एक, मॉनिटरचा दिवा आणि विजेच्या वायरी. दोन, चित्राची केबल दोन्ही टोकांना काढून, पिना पाहून, पुन्हा बसवणे. तीन, मॉनिटरचे इनपुट बटण. चार, डब्याच्या पाठीमागे दुसरे सॉकेट आहे का ते पाहणे. पाच, कॅप्स लॉकची परीक्षा. सहा, चालू संगणकाशी अदलाबदल, एका वेळी एकच वस्तू. सात, वायर भिंतीतून काढून रॅम पुसणे आणि बसवणे. आठ, तरीही नाही, तर कागदावर सारे लिहून जाणत्याकडे जाणे. यातल्या पहिल्या सहा पायऱ्यांना एक पैसा खर्च नाही आणि डबाही उघडावा लागत नाही.

जाता जाता मुख्याध्यापकांना आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. नोंदवहीत वस्तू सुरक्षित राहावी, ही काळजी योग्यच आहे. पण हात लावणाऱ्यालाच जाब विचारला जाईल अशी भीती असली, की कुणी हात लावत नाही, आणि वस्तू नोंदवहीत जिवंत आणि खोलीत मृत होऊन बसते. संगणकाच्या खोलीत एक साधी वही टांगून ठेवावी. तारीख, काय दिसले, काय करून पाहिले, काय घडले. ज्याने वहीत लिहून तपासले, त्याला बोल लावू नये. ही वही मी आमच्या महाविद्यालयातही सुरू केली आहे. उशिरा केली, हे कबूल.

त्या रविवारी संध्याकाळी निघताना आजोबा मेंढरे घेऊन शाळेवरून चालले होते. नातीने त्यांना हाताला धरून आत आणले. चार पडदे उजळलेले होते. आजोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “माझ्या बोकडाचा कंचा?” गुरुजी काही बोलायच्या आत पोरगी पुढे झाली. तिने खाली केबल लावलेल्या त्या पहिल्या संगणकाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “ह्यो, आबा. ह्याला काय बी झालं न्हवतं.” आजोबांनी मॉनिटरच्या कपाळावरच्या जुन्या कुंकवाकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि म्हणाले, “मग झाकला कशापायी हुता?”

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याही शाळेत, कचेरीत किंवा घरात असे एखादे फडके असेल. उद्या सकाळी ते उचलून पाहा.